सोनोग्राफीत बघून दिलेली नसेची भूल : रुग्ण आणि नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी रुग्णाला तपासायला जातो तेव्हा खाटेभोवती चार-पाच माणसं उभी असतात. कुणी जतहून आलेलं असतं, कुणी आटपाडीहून, कुणी थेट विजापूरकडून. औषधपाण्यासाठी मिरज गाठायची रीत जुनी आहे; डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासूनची. सर्जनला काय विचारायचं ते सगळ्यांनी ठरवून आणलेलं असतं. भुलेच्या डॉक्टरला काय विचारायचं ते मात्र ऐनवेळी सुचत नाही. मी जिना उतरून गाडीपाशी पोचलो की मागून कुणीतरी धावत येतं, "डॉक्टर, एक विचारायचं राहिलं."

त्या राहिलेल्या प्रश्नांसाठी हे पान आहे. मी सांगली-मिरजेत भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि हातापायाच्या बहुतेक ऑपरेशनांना सोनोग्राफीत बघून नसेची भूल देतो.

नसेची भूल म्हणजे काय? मोठी भूल आणि पाठीतलं इंजेक्शन यांच्यापेक्षा ती वेगळी कशी?

मोठी भूल मेंदूला झोपवते. पाठीतलं इंजेक्शन कमरेखालचे दोन्ही पाय बधिर करतं. नसेच्या भुलेत आम्ही ज्या हाताचं किंवा पायाचं ऑपरेशन आहे तिकडे जाणाऱ्या नसाच तेवढ्या गाठतो आणि त्यांच्याभोवती औषध सोडतो. शेतात दारं धरणाऱ्याला हे लगेच समजतं. एका वाफ्याचं दारं बंद केलं की तिकडं पाणी जात नाही, बाकीचं रान भिजत राहतं. तसा त्या हाताकडून दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. माणूस जागा असतो, स्वतःचा श्वास स्वतः घेतो, बोलतो.

दवाखान्यात याला "ब्लॉक" म्हणतात. "आजींना ब्लॉक दिलाय" असं सिस्टरच्या तोंडून ऐकून एका घरातली सगळी माणसं हृदयाच्या डॉक्टरांचा पत्ता विचारत बाहेर आली होती. हृदयातल्या ब्लॉकेजशी याचा काही संबंध नाही.

नस म्हणजे शीरच ना?

नाही, आणि हा फरक समजला तर पुढचं सगळं सोपं जातं. आपल्या बोलण्यात नस म्हणजे काहीही असतं. नस चढली म्हणतो तेव्हा स्नायूचा गोळा आलेला असतो, नस सापडत नाही म्हणतो तेव्हा सलाईनसाठी शीर सापडत नसते. मी इथं नस म्हणतोय ती मज्जातंतू, संवेदना नेणारी आणि स्नायूला हुकूम देणारी. शीर आणि रोहिणी या रक्ताच्या नळ्या. शरीरात या तिघी बहुतेक ठिकाणी एकमेकींना खेटून चालतात. भुलेचं औषध नसेभोवती जायला हवं, नसेच्या आत जायला नको आणि रक्ताच्या नळीत तर मुळीच जायला नको. आमचं सगळं कसब या काही मिलिमीटरांत असतं.

सोनोग्राफी पोटाची करतात. हाताला कशाला?

सोनोग्राफी म्हणजे आवाजाच्या लहरी. माणसाच्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. आमचा प्रोब, म्हणजे कातडीवर टेकवायचा यंत्राचा हातात धरायचा भाग, २० लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपनं करतो. त्या लहरी आत जातात, हाड, स्नायू, रक्त, नस यांवर आपटून वेगवेगळ्या ताकदीनं परत येतात आणि त्यावरून पडद्यावर चित्र उमटतं. एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग यात नसतो. कंपनं जितकी जास्त तितकं चित्र बारीक, पण लहरी खोल जात नाहीत. म्हणून मानेच्या, काखेच्या नसांना सपाट तोंडाचा जास्त कंपनांचा प्रोब लागतो आणि खुब्यामागच्या खोल नसेला पोटाच्या सोनोग्राफीचा गोल तोंडाचा प्रोब.

यंत्र पाहून बायका हमखास विचारतात, की हे गरोदरपणातलंच ना? हो, त्याच जातीचं. म्हणूनच गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली आमच्याही यंत्राची नोंद करावी लागते, आणि ते पिशवीत घालून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात मनाला येईल तसं नेता येत नाही. तुमच्या हॉस्पिटलात यंत्र नसताना त्या दिवशी दुसरीकडून आणता का आलं नाही, याचं उत्तर कित्येकदा इथंच असतं.

पडद्यावर तुम्हाला नेमकं काय दिसतं? आम्हाला तर नुसती राखाडी धूळ दिसते.

पहिल्या वर्षी मलाही धूळच दिसायची. हाताच्या ऑपरेशनसाठी गळ्याच्या हाडाच्या वर जी खळगी असते तिथं प्रोब ठेवतो. पडद्याच्या मधोमध एक काळा गोल धडधडताना दिसतो, ती रोहिणी. प्रोब किंचित दाबला की शीर चपटी होते, रोहिणी धडधडत राहते. दोघींची ओळख अशी पटते. शंका राहिली तर रंगीत डॉपलर लावतो, वाहतं रक्त लाल-निळं दिसतं. रोहिणीच्या बाजूला, जरा वर, काळ्या मण्यांचा एक झुपका असतो. त्याच हाताच्या नसा. जगभरची पुस्तकं त्याला द्राक्षाचा घड म्हणतात, आणि तासगाव-पलूसच्या बागायतदाराला तो दाखवला की तो लगेच मान हलवतो. मणी फुगायच्या आधीचा, ज्वारीएवढ्या मण्यांचा घड जसा असतो, अगदी तसा. पायाची मोठी नस गुडघ्यामागं मधाच्या पोळ्यासारखी दिसते, पांढऱ्या जाळीत काळी छिद्रं.

घडाच्या खाली एक ठळक पांढरी रेघ आणि तिच्याखाली काळोख, ती बरगडी. तिच्या शेजारची पांढरी रेघ श्वासाबरोबर पुढं-मागं सरकते, ते फुप्फुसाचं आवरण. माझी नजर या सरकत्या रेघेवरून हलत नाही. नसा आणि फुप्फुस यांच्यात तिथं जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचं अंतर असतं.

मग बाजूनं सुई येते, चकाकणाऱ्या रेघेसारखी. इथं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो: सुई दिसणं आणि सुईचं टोक दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहरींचा पापुद्रा पातळ असतो. सुई त्यातून तिरकी गेली तर पडद्यावर तिचा मधला भाग दिसतो आणि टोक पुढं कुठंतरी अंधारात असतं. टोक दिसत नसेल तर सुई पुढं सरकवायची नाही. आधी हात थांबवायचा, प्रोब सावकाश कलवायचा, टोक सापडलं की मगच पुढं. मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिले सहा महिने दुसरं काही शिकवत नाही.

प्रोब कलवणं म्हणजे किती? मिरजेत तंबोरे करणाऱ्या कारागिराला जवारी काढताना पाहिलं असेल तर कळेल. घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो. तो केसभर सरकला की आवाज मिटतो, केसभर परत आणला की तार गुंजायला लागते. नस तशीच आहे. प्रोब दोन-चार अंशांनी कलला की पडद्यावर असलेली नस पुसून जाते, तेवढाच परत आणला की उजळते.

औषध सोडलं की नसेभोवती काळं पाणी साचताना दिसतं, घडातले मणी एकमेकांपासून सुटे होऊन तरंगायला लागतात. ते दिसलं की ब्लॉक चढणार याची मला जवळपास खात्री पटते. औषध सोडूनही पडद्यावर काहीच साचत नसेल तर मी लगेच थांबतो. ते कदाचित शिरेत वाहून जात असतं.

हे यंत्र नव्हतं तेव्हा काय करत होता?

अंदाजानं. नसेची भूल नवी नाही. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर केला, तिथून जागेवरच्या भुलेचा रस्ता उघडला. गळ्याच्या हाडावरून हाताच्या नसा बधिर करायची पद्धत कुलेनकाम्फ या जर्मन सर्जननं १९११ मध्ये मांडली, तीही स्वतःच्या अंगावर करून. पुढची कित्येक दशकं बोटांनी खुणा चाचपायच्या, सुई घालायची आणि रुग्णाला विचारायचं, "मुंग्या आल्या का?" हो म्हणाला की औषध. नंतर नसेला हलका विजेचा झटका देणारं यंत्र आलं; बोटं उडाली की नस जवळ आहे असं समजायचं. १९७८ मध्ये डॉपलरचा आवाज ऐकून रोहिणी शोधून ब्लॉक दिल्याची नोंद आहे, आणि १९९४ मध्ये व्हिएन्नातल्या काप्राल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडद्यावर बघत हा ब्लॉक दिल्याचं प्रसिद्ध केलं. आपल्याकडच्या तालुक्यांपर्यंत यायला त्याला बराच काळ लागला.

मी मुंग्यांच्या काळात शिकलो. शिकत असताना एका तरुणाला मी असाच खुणांवरून ब्लॉक दिला. हात छान बधिर झाला, ऑपरेशन झालं, सगळे खूष. दोन तासांनी सिस्टरचा निरोप आला, पेशंटला धाप लागतेय. एक्स-रे काढला, तर फुप्फुसाभोवती हवा भरलेली. माझी सुई त्या आवरणाला लागली होती. छातीत नळी घालावी लागली. हाताच्या ऑपरेशनला आलेल्या पोराच्या छातीत नळी का, हे व्हरांड्यात उभ्या त्याच्या वडिलांना सांगताना माझ्या तोंडून शब्द निघत नव्हते. चार दिवसांनी तो बरा होऊन घरी गेला. आज ती सरकती पांढरी रेघ पडद्यावर दिसली की मला तो व्हरांडा आठवतो.

म्हणजे आता यंत्र आल्यावर धोका संपला?

संपला नाही. कुठं कमी झाला आणि कुठं नाही, ते सरळ सांगतो.

रक्ताच्या नळीला सुई लागणं बरंच कमी झालं. औषध कमी लागायला लागलं, त्यामुळे औषधाची विषबाधा कमी झाली. फुप्फुसाला इजा होणं फारच कमी झालं, पण टोक नजरेआड गेलं तर आजही होऊ शकतं. नसेला होणारी इजा मात्र सोनोग्राफीमुळे घटली असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. ती मुळातच दुर्मीळ आहे. टिकून राहणारी इजा दहा हजारांत साधारण दोन ते चार जणांना होते. काही दिवस किंवा काही आठवडे मुंग्या, बधिरपणा राहणं त्याहून जास्त वेळा दिसतं आणि ते बहुतेकदा आपोआप जातं. म्हणून औषध सोडताना सिरिंज आमच्या हाताला कडक लागली, किंवा रुग्ण "विजेसारखी चमक गेली" म्हणाला, की आम्ही सुई मागं घेतो. चमक गेली तर सहन करत गप्प बसू नका, लगेच सांगा.

औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं. बुपिव्हाकेन हे नेहमीचं औषध किलोमागे २ मिलिग्रॅम धरलं तर ६० किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या बाटलीतलं २४ मिलिलिटर. वजन अंदाजानं सांगितलं की हा हिशोब चुकतो, म्हणून आम्ही काट्यावर उभं करतो. औषध रक्तात जास्त गेलं तर ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडाला धातूची चव येते, कानात गुणगुण होते, पुढं झटके येऊ शकतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. त्यावर उपाय आहे. चरबीचं दुधासारखं पांढरं सलाईन, २० टक्क्यांचं, किलोमागे दीड मिलिलिटर, म्हणजे ६० किलोला ९० मिलिलिटर दोन-तीन मिनिटांत द्यायचं. गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये उंदरांवर ते पहिल्यांदा दाखवलं, आणि त्यामुळे जगभर जीव वाचले आहेत. ती बाटली ब्लॉक देण्याच्या खोलीत हाताशी असलीच पाहिजे. तुमच्या भूलतज्ज्ञाला "ती पांढरी बाटली आहे ना?" असं विचारलंत तर त्यांना राग येणार नाही, बरंच वाटेल.

खांद्याच्या ऑपरेशनला मानेत ब्लॉक देतात. त्यात श्वासपटलाकडे, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या स्नायूकडे, जाणारी नस जवळच असल्यानं त्या बाजूचं श्वासपटल काही तास ढिलं पडू शकतं, पापणी खाली येते, आवाज घोगरा होतो. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. दमा असलेल्याला, वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्याला जाणवतं. अशांना आम्ही औषध अगदी कमी देतो किंवा दुसरी जागा निवडतो.

"जागंच ठेवणार काय? नको डॉक्टर, झोपवूनच करा."

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हे. जागं राहायलाच पाहिजे असं नाही. ब्लॉक चढला की शिरेतून हलकी गुंगी देता येते, पडदा लावतो, तुम्हाला काही दिसत नाही. पण ब्लॉक देताना मात्र तुम्ही बोलत राहावं असं मला वाटतं, कारण चमक, मुंग्या, तोंडाची चव हे यंत्राला कळत नाही, ते तुम्हीच सांगू शकता. लहान मुलांचं वेगळं. त्यांना आधी झोपवतो, मग ब्लॉक देतो.

विट्याकडचा एक पस्तिशीतला माणूस आठवतो. कडबाकुट्टीत डाव्या हाताची तीन बोटं आली होती. तोही म्हणाला, झोपवा. त्यानं तासाभरापूर्वी पोटभर भाकरी खाल्ली होती आणि अशा पोटी मोठी भूल म्हणजे अन्न श्वासनळीत जायची भीती. समजावून ब्लॉक दिला. वीस मिनिटांनी चेहऱ्यावरच्या आठ्या गेल्या. सर्जन साडेतीन तास दुर्बिणीखाली बोटांच्या दोऱ्या आणि रक्ताच्या नळ्या जोडत होते आणि तो पडद्याच्या अलीकडं मला विचारत होता, संध्याकाळच्या धारा कोण काढणार. अशा ऑपरेशनात ब्लॉकचा आणखी एक फायदा असतो: त्या हाताच्या रक्ताच्या नळ्या रुंदावतात, जोडलेल्या बोटाला रक्त बरं मिळतं. डायलिसिससाठी हातात शीर आणि रोहिणी जोडून फिस्टुला करतात तेव्हाही आम्ही म्हणूनच ब्लॉकला पसंती देतो.

इंजेक्शन दुखतं का? किती वेळ लागतो?

कातडी आधी बारीक सुईनं बधिर करतो. त्यानंतर दाब जाणवतो, दुखणं फार नसतं. बघून औषध सोडायला दहा-पंधरा मिनिटं आणि चढायला पंधरा ते तीस मिनिटं. चढलं का ते बर्फानं किंवा स्पिरिटच्या बोळ्यानं बघतो. गार लागत नाही, ओलं लागतं, असं रुग्ण म्हणाला की समजायचं.

कधी एखादी नस सुटते. गळ्याच्या हाडावरून दिलेल्या ब्लॉकमध्ये करंगळीकडची नस बरगडीच्या कोपऱ्यात दडलेली असते आणि ती मागं राहू शकते. मग मनगटावर किंवा कोपराजवळ तेवढीच नस वेगळी गाठतो. दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीला तर छातीतून येणारी वेगळीच नस जाते. रक्त थांबवायला दंडाला पट्टा आवळतात तेव्हा तिथं त्रास होऊ नये म्हणून काखेत कातडीखाली एक जादा इंजेक्शन द्यावं लागतं. "दोनदा टोचलं, म्हणजे पहिलं फसलं" असं समजू नका.

रात्र झाली तरी हात हलत नाही. हात गेला की काय?

हा फोन मला आठवड्यातून एकदा तरी येतो, बहुतेक वेळा आईचा. हात गेलेला नाही. लिग्नोकेन या भुलेच्या औषधाचा असर दीड-तीन तासांत उतरतो. बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेनचा हात आठ ते चौदा तास जड राहू शकतो, पाय त्याहूनही जास्त. आधी मुंग्या येतात, मग बोटं हलतात. चोवीस तास उलटूनही काहीच फरक नसेल तर मात्र कळवा, आम्ही येऊन तपासतो.

आता सगळ्यात कळकळीनं सांगायची गोष्ट. ब्लॉक उतरताना दुखणं हळूहळू येत नाही, एकदम येतं, आणि नेमकं रात्री दोन-तीनला येतं. संध्याकाळी रुग्ण म्हणतो, काहीच दुखत नाही, गोळी कशाला? आणि चिठ्ठीवरची गोळी तशीच राहते. मग मध्यरात्री माणूस कळवळतो, नातेवाईक घाबरतात, "भूल नीट दिली नव्हती" असा समज होतो. दुखत नसतानाच पहिली गोळी घ्या, बोटांना मुंग्या सुरू व्हायच्या आधी. दुसरी गोळी चिठ्ठीत लिहिलेल्या वेळेलाच. काही मोठ्या ऑपरेशनांत नसेजवळ केसासारखी बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध देत राहतो, म्हणजे ही रात्र येतच नाही.

बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. चालेल का?

चालतं. उलट हृदयाचं, फुप्फुसाचं दुखणं असलेल्यांना हीच भूल बरी पडते. मधुमेहात पायाला जखम होऊन बोट काढायची वेळ येते तेव्हा गुडघ्यामागं आणि मांडीच्या आतल्या बाजूला दोन ब्लॉक देऊन काम होतं. बीपी खाली जात नाही, संध्याकाळी जेवण वेळेवर होतं. मात्र जुन्या मधुमेहात नसा आधीच कमकुवत असतात. म्हणून पायाला आधीपासून बधिरपणा, जळजळ आहे का ते ऑपरेशनच्या आधी लिहून ठेवतो, आणि अशा पायात असर जास्त तास टिकतो हे घरच्यांना सांगून ठेवतो.

रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. वरवरच्या नसेचा ब्लॉक, जिथं रक्त आलं तर बोटानं दाबता येतं, तो गोळ्या चालू असतानाही बऱ्याचदा देता येतो. खोल ब्लॉकसाठी गोळी काही दिवस थांबवावी लागते, आणि ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. पाकिटं घेऊन या. "पांढरी, छोटी गोळी" एवढ्यावरून मला काही ओळखता येत नाही.

उपाशी राहायचं का?

हो, ब्लॉक असला तरी. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध घातलेला चहा आम्ही जेवणातच धरतो. मिश्री आणि तंबाखूही सकाळी नको.

आजीचं खुब्याचं हाड मोडलंय, वय ऐंशीच्या वर. तिला झेपेल का?

या वयात मला सगळ्यात उपयोगी वाटणारा ब्लॉक हाच. खुबा मोडलेल्या म्हातारीला कूस बदलता येत नाही, बेडपॅन सरकवला तरी ती किंचाळते. त्यात पाठीतल्या इंजेक्शनसाठी तिला बसवायचं किंवा कुशीवर वळवायचं म्हणजे छळ. जांघेत सोनोग्राफीत बघून खुब्याच्या नसांभोवती औषध सोडलं की पंधरा-वीस मिनिटांत तिला बसवता येतं. २०१८ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी मांडलेला पेंग ब्लॉक यासाठी बराच वापरला जातो. त्यात मांडीची ताकद बऱ्याच अंशी टिकून राहते. असा ब्लॉक ऑपरेशनपर्यंत थांबून नाही, दाखल झाल्या झाल्या दिला पाहिजे. दोन दिवस फिटनेसच्या तपासण्या चालतात, तेवढे दिवस म्हातारीनं कण्हत पडून राहायचं काही कारण नाही.

कुणाला देत नाही?

सुई घालायच्या जागी पू असेल, औषधाची खरी ॲलर्जी असेल, किंवा रुग्णाला नकोच असेल तर. आणखी एक, जे आपल्या भागात वारंवार येतं: उसाच्या ट्रॉलीखाली किंवा यंत्रात चिरडलेला हात-पाय. आत सूज वाढून स्नायूंचं रक्त तुटायला लागतं तेव्हा पहिली खूण म्हणजे न थांबणारं दुखणं. ब्लॉकनं ते दुखणं झाकलं तर धोका कळायला उशीर होतो. अशा वेळी सर्जन आणि भूलतज्ज्ञ बोलून ठरवतात, आणि कधी कधी तुम्हाला दुखत ठेवणं हेच सुरक्षित असतं.

तुमचं मशीन नवीन आहे का? संगणक स्वतः नस ओळखतो म्हणे.

अशी यंत्रं आली आहेत. पडद्यावर नस, रोहिणी, फुप्फुसाचं आवरण वेगवेगळ्या रंगांत रंगवून दाखवतात. लहरी चांगल्या परतवणाऱ्या खाचा कोरलेल्या सुया आहेत, सुईचं टोक कुठं आहे ते दाखवणाऱ्या प्रणाली आहेत, हातात मावणारे प्रोब आहेत. शिकणाऱ्याला त्यांचा खूप उपयोग होतो आणि ते आपल्याकडंही पोचावेत असं मला मनापासून वाटतं. तरी माझा सल्ला असा, की यंत्राचं साल विचारण्यापेक्षा दोन गोष्टी बघा. ब्लॉकच्या आधी कोणती बाजू, उजवी की डावी, हे तुमच्या तोंडून वदवून घेतात का, खूण केलेली बघतात का? आणि ब्लॉक चालू असताना नाडी, बीपी, ऑक्सिजन यांची तार लावलेली आहे का?

खर्च वेगळा पडतो का?

सुई, औषध आणि यंत्राचा वापर यांमुळे खासगीत थोडा फरक पडतो. आधी विचारून घ्या, लिहून मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनच्या पॅकेजमध्येच भुलेचा खर्च धरलेला असतो.

घरी गेल्यावर काय सांभाळायचं?

बधिर हाताला गरम-गार कळत नाही. चहाचा कप, चुलीचा जाळ, शेकायची पिशवी त्या हातापासून लांब ठेवा. हात झोळीतच असू द्या. झोपेत कूस बदलताना तो अंगाखाली येतो आणि कळत नाही, म्हणून शेजारी उशी लावा. पायाला ब्लॉक असेल तर रात्री लघवीला एकट्यानं उठू नका, पाय टेकला असं वाटतं आणि माणूस कोसळतो. गाडी चालवू नका.

धाप लागली, छातीत दुखलं, प्लास्टरच्या पुढची बोटं निळी-पांढरी पडली किंवा गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट बघू नका. डिस्चार्ज कार्डवर भूलतज्ज्ञाचा नंबर लिहून घ्या आणि तो रुग्णाजवळ थांबणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये साठवा. गावाकडं परत गेलेल्या माणसाच्या नव्हे.